घ्यायची रीत

वेंडेल हॅस्किनची राखाडी गाडी कमानीखाली शिरली की क्विन्सी हातातलं काम टाकून म्हणायचा, "नाताळ आला रे." मग तो जून का असेना, डांबर बुटाला का चिकटत असेना. नाताळ वर्षातून चार-पाचदा यायचा, आणि आला की त्याची किल्ली कोणी घ्यायची यावरून आमच्यात अशी गोड धक्काबुक्की व्हायची की इतर पाहुण्यांना वाटावं, इथली माणसं कामाला किती उत्सुक आहेत.

मी गिर्मा, या टोळीचा मुकादम. आमचं हॉटेल लास वेगासच्या मोठ्या रस्त्यावर आहे. खाली जुगाराचा हॉल, वर खोल्या, मागे पोहायचे तलाव. पाहुणा दारात उतरतो, किल्ली आमच्या हातात ठेवतो, गाडी आम्ही मागच्या वाहनतळात लावतो आणि तो निघाला की पळत जाऊन आणून देतो. पगार मिळतो, पण पगारात या गावात विजेचं बिल भागतं, संसार टिपेवर चालतो. सगळ्यांच्या टिपा एकाच पेटीत पडतात आणि पाळी संपली की सारख्या वाटल्या जातात. म्हणजे एकाचा हात आखडला की सगळ्यांच्या ताटात कमी पडतं. पुढचं सगळं रामायण यावरूनच झालं.

टिप बहुतेक लोक देतात, पण द्यायची कशी हे फार थोड्यांना कळतं. काहीजण नोट अशी फडकवतात की जणू आगगाडीला झेंडी दाखवताहेत. काहीजण आधी विचारतात, "तू मूळचा कुठला रे?" मी इथिओपिया म्हटलं की चेहरा पाडतात आणि दुष्काळाचा म्हणून एक डॉलर जास्त देतात. मी तो घेतो. दुष्काळ मी कधी पाहिला नाही, आदिस अबाबात माझ्या वडिलांचं सायकलींचं दुकान होतं आणि घरी रोज तीन वेळा कॉफी व्हायची. पण देणाऱ्याचा हिरमोड कशाला करा.

वेंडेलचं तसं नव्हतं. हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. पोहायच्या तलावांना लागणारे पंप आणि फरश्या विकायचा, चार दुकानं होती. गाडीतून उतरला की आधी आमचं नाव घ्यायचा, मग हातात हात द्यायचा, आणि हात सुटला की आमच्या तळव्यात चौघडी घातलेली नोट असायची. बघणाऱ्याला वाटावं, दोन जुने दोस्त भेटले. खोली आवरणाऱ्या बाईसाठी तो रोज सकाळी उशीवर काहीतरी ठेवून जायचा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवत नसे, कारण आज आवरणारी उद्या असेलच असं नाही. पत्ते वाटणाऱ्यांच्या हातात काही द्यायला बंदी, म्हणून त्यांच्या नावानं डाव लावायचा, आणि तो डाव लागला तर त्यांच्यापेक्षा हाच जास्त खूश. मात्र स्वागतकक्षात ओळखपत्राखाली नोट सरकवून वरच्या मजल्याची खोली मागणं त्याला पटत नसे. "ती टिप नाही, लाच आहे," म्हणायचा. "टिप काम झाल्यावर द्यायची. आधी दिली की माणूस विकत घेतल्यासारखं होतं."

स्वतः तो बेतानंच खेळायचा. क्विन्सीचं म्हणणं, हा इथे हरायला नाही, वाटायला येतो.

वेंडेलच्याच पत्त्यांच्या टेबलावर बसणारा गॉर्डन प्लंकेट म्हणजे अगदी दुसरं टोक. फीनिक्सला त्याची गाद्यांची दुकानं. किल्ली देताना तो दर वेळी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "परतताना बघतो हं तुझ्याकडे." परतताना तो फोनवर असायचा. आम्ही त्याचं नावच 'परतताना' ठेवलं होतं. त्याची गाडी दिसली की सगळ्यांना एकदम लघवीला लागायची.

मग वेंडेल यायचा बंद झाला. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. आम्ही अंदाज बांधले. लुपे, आमच्यातली एकटी बाई, म्हणाली की त्यानं लग्न केलं असेल, नव्या बायका आधी नवऱ्याचे मित्र बंद करतात, मग टिपा. क्विन्सी म्हणाला, "हरला. शेवटी सगळे हरतात, काहीजण फक्त हळू हरतात."

एका मार्चच्या दुपारी नोकरभरतीच्या खोलीतून मला निरोप आला की नवा माणूस पाठवतोय, वय जरा जास्त आहे पण गाडी चालवण्याचा परवाना एकदम स्वच्छ. तो बसथांब्यावरून चालत आला. पांढरा शर्ट, नवे काळे बूट, आणि छातीला नावाची पट्टी: वेंडेल.

"गिर्मा," तो म्हणाला आणि सवयीनं हात पुढे केला. मीही सवयीनं हात धरला, आणि खोटं कशाला बोलू, हात सोडताना तळव्यात काही आहे का ते माझ्या बोटांनी चाचपून पाहिलं.

"साहेब, तुम्ही इथे?"

"साहेब नको म्हणूस. आता तू माझा साहेब."

"पण झालं काय?"

"पाऊस पडला नाही." तो हसला. "चार वर्षं. जिथे बागेला पाणी घालायला मनाई, तिथे पोहायचा तलाव कोण बांधतो? दुकानं गेली, मग घर गेलं. बायको त्याच्या आधीच गेली होती, पण त्यात दुष्काळाचा दोष नाही."

म्हणजे जुगारात नव्हे, पाण्यात गेला होता, तेही नसलेल्या पाण्यात. क्विन्सीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

"मग वेगासच का?" मी विचारलं. "माणसं तर इथून पळून जातात."

"इथे माझे मित्र आहेत ना."

कोण मित्र म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे आम्हीच होतो.

पहिला दिवस छान गेला. खोल्या आवरणाऱ्या बायकांनी केक आणला, लुपेनं मिठी मारली. क्विन्सीनं त्याला स्वतःची पाण्याची बाटली दिली, आणि क्विन्सी सख्ख्या भावालाही बाटली देत नाही. घोळ दुसऱ्या दिवशी सुरू झाला. एक म्हातारी बाई गाडीत बसताना त्याच्यापुढे पाच डॉलरची नोट धरू लागली, तर यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "अहो बाई, त्यात काय एवढं, राहू द्या." बाईला वाटलं आपण कमी दिले. तिनं दहा काढले. हा म्हणाला, "छे छे, मुळीच नको." बाईचा चेहरा पडला. तिनं गाडीतून उतरून, आत जाऊन तक्रार केली की तुमचा दारावरचा माणूस फार घमेंडी आहे.

हे रोजचंच झालं. पेटी हलकी लागू लागली. वाटणी झाली की मात्र आपला वाटा तो मान खाली घालून खिशात टाकायचा.

"पेटीतून घेताना बरा चालतो हात," क्विन्सी मला म्हणाला. "बॉस, नाताळ उलटा फिरलाय. बारा वर्षं दिलं ते आता वसूल करतोय."

शेवटी मी वेंडेलला किल्ल्यांच्या कपाटामागच्या सावलीत नेलं.

"तुला वाईट वाटतं का घ्यायला?"

"वाईट नाही रे. पण हात पुढे होतच नाही. आयुष्यभर एकाच दिशेला वळलाय तो."

त्याची अडचण मला कळत होती. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाकडून पैसे घेतले असते तर वडिलांनी मला सायकलच्या साखळीनं बडवलं असतं. वेगासला आल्यावर पहिल्यांदा कोणी माझ्या हातात नोट ठेवली, तेव्हा मी त्याच्यामागे धावलो होतो: साहेब, तुमचे पैसे माझ्याकडे राहिले. तो इतका हसला की आणखी एक देऊन गेला. त्या दिवशी मी एवढंच शिकलो की या गावात प्रामाणिकपणाही फुकट जात नाही.

"हे बघ," मी वेंडेलला म्हणालो, "दार डाव्या हातानं उघडायचं. उजवा मोकळा ठेवायचा, पण पुढे करायचा नाही. मोकळा हात वेगळा, पसरलेला हात वेगळा."

"बरं."

"नोटेकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. किती आहे ते बोटांना कळतं. आणि नको म्हणायचं नाही. तू नको म्हणालास की त्याला वाटतं, एकतर हे थोडे आहेत, नाहीतर मी थोडा आहे. उगाच त्याची रात्र कशाला बिघडवायची?"

"आणि त्यानं काहीच दिलं नाही तर?"

"तर तेवढंच हसायचं. ते सगळ्यात अवघड. ते मला अजून नीट जमत नाही."

क्विन्सी पाहुणा झाला आणि सराव सुरू झाला. आता क्विन्सीला चांगला पाहुणा म्हणून एकच माणूस ठाऊक. त्यानं हुबेहूब वेंडेलची चाल उचलली. उतरताना शर्टाची बाही ओढणं, नाव घेऊन हात पुढे करणं, मान जराशी तिरकी. तळव्यात गाडीच्या पावतीची घडी. वेंडेल बघतच राहिला.

"मी असा दिसायचो?"

"याच्यापेक्षा बरे," क्विन्सी म्हणाला. "तुमच्याकडे खऱ्या नोटा असायच्या."

आठवड्याभरात वेंडेल घ्यायला लागला. कान लाल व्हायचे, पण हात जागेवर राहायचा. पेटीला पुन्हा वजन आलं आणि मी सुटलो असं मला वाटलं.

मग एका शुक्रवारी दुपारी 'परतताना' आला. आमच्या टोळीला लगेच लघवीला लागली आणि दारात राहिला तो वेंडेल, त्याला ही रीत अजून कोणी सांगितली नव्हती. गॉर्डननं किल्ली पुढे केली, खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि तो हात तिथेच थांबला. त्यानं छातीवरची पट्टी वाचली. पुन्हा तोंड पाहिलं.

"वेंडेल? अरे, तू हॅस्किन ना?"

"हो साहेब. प्रवास कसा झाला?"

मी खांबाआडून बघत होतो. गॉर्डनच्या चेहऱ्यावर आधी धक्का होता, मग कणव आली, आणि कणवेच्या मागून हळूच दुसरंच काहीतरी आलं. ऊन पडल्यावर मांजराच्या चेहऱ्यावर येतं तसं. आणि त्यानं पाकीट काढलं. मी त्याचं पाकीट पहिल्यांदाच पाहत होतो, तपकिरी होतं. त्यानं शंभराची नोट काढली आणि वेंडेलच्या हातात ठेवून दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली.

"घे. घे रे. दिवस काय, सगळ्यांचे सारखे नसतात."

वेंडेलनं शिकवल्याप्रमाणे त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आभारी आहे, प्लंकेटसाहेब."

पाळी संपल्यावर क्विन्सीनं ती नोट उजेडात धरून पाहिली, खरी आहे की नाही ते. खरी होती.

पुढच्याच आठवड्यात गॉर्डन परत आला. मग दर आठवड्याला यायला लागला. फीनिक्सहून पाच तास गाडी चालवून यायचा, कधी कधी तर आत जाऊन जुगारही न खेळता. किल्ली द्यायची, सुस्कारा सोडायचा, नोट द्यायची. त्यानं जुन्या टेबलावरच्या लोकांना सांगितलं आणि तेही यायला लागले. वेंडेल देताना जे कधी बघतही नव्हते, ते आता मुद्दाम त्याच्याच हातात किल्ली द्यायला थांबायचे. काहीजण बायकांना घेऊन आले. एकानं मुलाला आणलं आणि गाडीत बसताना त्याला म्हणाला, "पाहिलंस? म्हणून सांगतो, शिक." आपलं बरं चाललंय हे कळायला माणसाला काहीतरी लागतंच. कोणी त्यासाठी चर्चमध्ये जातं, हे लोक आमच्याकडे यायचे.

पेटी भरून वाहू लागली. क्विन्सीनं गाडीचं इंजिन बदललं. लुपेनं मुलीच्या दातांना तारा बसवल्या, तिची तीन वर्षांची इच्छा होती. मी घराचं छत दुरुस्त केलं. इकडे वेंडेलचं तोंड उतरत चाललं होतं आणि तिकडे लुपेच्या मुलीचे दात सरळ होत होते.

मे महिन्यात तो माझ्याकडे आला. "गिर्मा, मला मागच्या व्हॅनवर टाक."

आमच्या हॉटेलातल्या नोकरांनी गाड्या लावायची जागा हमरस्त्यापलीकडे आहे. तिथून मागच्या दारापर्यंत त्यांना ने-आण करायला एक व्हॅन आहे. ती चालवायला कोणी तयार नसतं.

"तिथे टिप नसते," मी म्हणालो.

"म्हणूनच."

मी म्हटलं, बघतो. बातमी अर्ध्या तासात टोळीत पसरली. क्विन्सी येऊन म्हणाला की माणसानं परिस्थितीला तोंड द्यावं, पळू नये, आणि हे तो इतक्या कळकळीनं म्हणाला की क्षणभर मलाही वाटलं त्याला वेंडेलचीच काळजी आहे. लुपे तेवढी आडवळणानं बोलणारी नाही. ती थेट वेंडेललाच म्हणाली, "बाबा, तारा निघेपर्यंत तरी थांबा हो. डॉक्टरचे हप्ते आहेत."

वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं. "किती राहिलेत?"

"ख्रिसमसपर्यंत."

"ठीक आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत थांबतो."

त्याचा देण्याचा रोग काही गेला नव्हता.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्याला घरी बोलावलं. बायकोनं इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली मोठी भाकरी, आणि डोरो वट हा कोंबडीचा तिखट रस्सा केला होता, एका ताटात सगळे जेवलो. जेवणानंतर ती कॉफीच्या बिया भाजायला लागली. धुरात बसून वेंडेलनं विचारलं, "खरं सांगशील? मी पाहुणा म्हणून यायचो तेव्हा तुम्हाला मी आवडायचो, की माझं देणं?"

मला पटकन खोटं सुचलं होतं. पण बायको माझ्याकडे बघत होती.

"पहिली एक-दोन वर्षं तेच आवडायचं," मी म्हणालो. "मग तूही आवडायला लागलास. मग कुठलं कुठे संपतं ते आम्ही बघायचं सोडून दिलं."

"आणि आता?"

"आता तू आम्हाला आधीपेक्षा जास्त मिळवून देतोस. त्यामुळे आता तर मुळीच सांगता येत नाही."

तो इतका हसला की कॉफी सांडली. माझ्या बायकोला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. खरं तर मलाही नाही.

ऑक्टोबरात गाद्यावाल्यांचं अधिवेशन भरलं. शनिवारची दुपार, कमानीखाली गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. गॉर्डन प्लंकेट धंद्यातली पाच-सहा माणसं आणि त्यांच्या बायका घेऊन निघाला होता. वेंडेलनं त्याची गाडी आणून लावली, डाव्या हातानं दार उघडलं. गॉर्डननं नोट काढली, वेंडेलच्या तळव्यावर ठेवली, पण आपल्याकडचं टोक सोडलं नाही. तसंच धरून तो बरोबरच्यांकडे वळला.

"हा माणूस," तो म्हणाला, "एकेकाळी माझ्या शेजारी बसायचा. चार दुकानं होती याची. चार. मोजून सांग रे यांना, वेंडेल."

नोट दोघांच्या मध्ये ताणलेली.

"मी तेव्हाच सांगायचो, बाबा रे, इतकं उधळू नकोस. नोकरांना किती द्यायचा, माहितीय? आणि आता बघा. बघा तुम्ही."

पिवळी टोपी घातलेली एक बाई दुसरीकडे बघायला लागली. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. गॉर्डनची गोष्ट अजून तळमजल्यावरच होती, वरचे मजले खूप बाकी होते. तेव्हा वेंडेलनं अगदी हळू आपली बोटं उघडली आणि हात खाली घेतला.

"साहेब, तुमचं बोलणं सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पाहुण्याला पाणी हवंय का विचारावं, तसा तो बोलला. "मागे गाड्या खोळंबल्यात, मी आलोच." आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

गॉर्डन नोट हवेत धरून उभा राहिला. ती घ्यायला कोणीतरी येईल असं त्याला वाटलं असावं. क्विन्सीचा एक पाय उचललाही गेला होता, मी त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं तो परत ठेवला. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नसेल. पिवळ्या टोपीवाल्या बाईला हसू आवरेना. तिनं रुमाल तोंडाला लावला, तरी खांदे हलत होते. गॉर्डननं नोट खिशात घातली, स्वतःच दार लावून घेतलं आणि गेला.

तक्रार सोमवारी आली. आमची व्यवस्थापिका ब्रायनी, पोरगी चांगली आहे, पण नियमांवाचून तिला झोप येत नाही. तिनं मला बोलावलं.

"यानं पाहुण्याची टिप नाकारली?"

"नाकारली नाही. सोडली."

"टिप मागणं हा गुन्हा आहे," ती नियम चाळत म्हणाली. "सोडण्याबद्दल इथे काहीच नाही." तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग तिला वाट सापडली. "पाहुणा बोलत असताना निघून गेला. हे आहे." तिनं विचार केला. "त्याला अशा जागी टाका जिथे टिपच मिळत नाही. म्हणजे कळेल, मिळत होतं त्याची किंमत काय होती."

"मागची व्हॅन?" मी जमेल तेवढं दुःखी तोंड करून विचारलं.

"व्हॅन. आणि त्याला कळेपर्यंत तिथेच."

लुपे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पेटी पुन्हा पूर्वीसारखी झाली. वेंडेलला बघायला येणारे लोक मात्र बरेच दिवस येत राहिले. "तो माणूस कुठेय?" असं विचारायचे. क्विन्सी त्यांना सांगायचा, "कळलं नाही का तुम्हाला? त्याला जुगाराच्या यंत्रावर मोठं घबाड लागलं. परत श्रीमंत झाला." हे ऐकून ते इतके खिन्न व्हायचे की टिप द्यायचं विसरून जायचे. मी क्विन्सीला म्हटलं, तुझंच नुकसान करतोयस. तो म्हणाला, "बॉस, काही गोष्टी पैशासाठी करायच्या नसतात." हे वाक्य मी क्विन्सीच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. लुपेचे राहिलेले हप्ते तिच्या भावानं भरले, आणि मग ती माझ्याशी बोलायला लागली.

व्हॅनवर गेल्यानंतर काही दिवसांनी वेंडेल जेवणाच्या सुट्टीत मला शोधत आला. चेहरा विचित्र झाला होता.

"गिर्मा, तू म्हणालास तिथे टिप नसते."

"नसते. नोकरच तर बसतात व्हॅनमध्ये."

त्यानं खिशातून डॉलरच्या नोटांचा चुरगळलेला बोळा काढला. एक नोट ओली होती.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. टिपेवर जगणाऱ्या माणसाला कोणी आपलं काम केलं आणि आपण तसेच उतरून गेलो, हे जमतच नाही. पाहुण्यांना जमतं. खोल्या आवरणाऱ्या, पेले फिरवणाऱ्या, पत्ते वाटणाऱ्या, सगळे उतरता उतरता एकेक डॉलर त्याच्या हातात ठेवून जात होते. आधीच्या चालकाला देत नसत, कारण तो कानात गाणी लावून बसायचा आणि दार उघडायलाही उठायचा नाही. वेंडेल प्रत्येकासाठी उतरून दार उघडत होता.

"ही ओली नोट एव्हारिस्तोची," वेंडेल म्हणाला. "ओळखतोस? स्वयंपाकघरात भांडी धुतो. सतरा वर्षं झाली त्याला इथे. मी बारा वर्षं याच हॉटेलात जेवत होतो आणि त्याला कधी एक नाणंही दिलं नाही. तो आहे हेच मला माहीत नव्हतं."

"मग घेतलीस?"

"हो ना." त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "हात आपोआप पुढे झाला. कान तापले नाहीत, काही नाही. मी म्हटलं, आभारी आहे, एव्हारिस्तो. तो म्हणाला, उद्या जरा लवकर ये, माझी पाळी बदललीय."

ब्रायनीनं नंतर दोनदा विचारलं, त्याला कळलं का म्हणून. मी दोन्ही वेळा सांगितलं, अजून नाही, फार हट्टी आहे. तेव्हापासून तो तिथेच आहे.

गेल्या महिन्यात एरवी मागच्या दाराशी लागणारी माझी गाडी दुरुस्तीला गेली, आणि बसनं हमरस्त्यापलीकडे उतरून पहिल्यांदा मी त्याच्या व्हॅनमधून आलो. माझ्यामागे खोल्या आवरणाऱ्या तिघी बसल्या होत्या. मागच्या दाराशी वेंडेलनं उतरून दार उघडलं, आणि मी अडलो. हा माझा हाताखालचा माणूस, माझा मित्र, माझ्या घरी जेवलेला. एक डॉलर देणं बरं दिसेना, न देणं त्याहून वाईट. शेवटी पाचाची नोट घडी करून मी त्याच्या हातात दिली.

त्यानं ती घेतली, खिशातून चार सुट्या नोटा काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"इतके नको देत जाऊस," तो हळूच म्हणाला. "मागे त्या बघताहेत. उद्या त्यांना वाटेल आपणही पाच द्यायला हवेत. हमरस्ता ओलांडायला एक पुरे."

मी काहीतरी बोलणार होतो.

"गिर्मा, उतरतोस ना?" तो म्हणाला. "या बायांना उशीर होतोय."

मी उतरलो.